संहनन : परीक्षा बांध्याची की आकाराची?

प्रकृती, विकृती, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती आणि वय या दहा भावांच्या परीक्षेने आतुराचे बल जाणावे, असे चरकसंहितेच्या विमानस्थानात आठव्या अध्यायात सांगितले आहे. आयुर्वेद महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या प्रत्येक वैद्याला ही यादी मुखोद्गत असते. रुग्णपत्रकावरही हे दहा रकाने छापलेले असतात. त्यांपैकी प्रकृतीच्या रकान्यावर आपण पुष्कळ विचार करतो, आहारशक्तीविषयी रुग्णाला दोन प्रश्न विचारतो, वय तर विचारावेच लागते. 'संहनन' या रकान्यापाशी मात्र लेखणी क्षणभरही न थांबता 'मध्यम' असे लिहून पुढे जाते. निरनिराळ्या चिकित्सालयांतील रुग्णपत्रके चाळण्याचा प्रसंग आम्हांला वेळोवेळी येतो. त्यांत 'प्रवर' असे लिहिलेला रुग्ण बहुधा धिप्पाड असतो, 'अवर' लिहिलेला हाडकुळा असतो आणि उरलेले सारे मध्यम. याचा अर्थ असा की, संहनन या शब्दाने आपण शरीराचा आकार मोजू लागलो आहोत. प्रस्तुत लेखात या शब्दाच्या अर्थाचा थोडा मागोवा घ्यावा असे आम्ही योजिले आहे, कारण अर्थाच्या या गफलतीचा थेट परिणाम औषधाच्या मात्रेवर होतो.

संहनन हा शब्द सम् या उपसर्गासह हन् धातूपासून झाला आहे. हन् म्हटले की आपल्याला हनन, हत्या, घात हेच आठवते. परंतु धातुपाठात या धातूचे हिंसा आणि गती असे दोन अर्थ दिले आहेत, आणि सम् लागला की तो 'एकत्र आणून घट्ट करणे' या अर्थाकडे वळतो. संघ, संघात, संहती, संहत हे शब्द त्याच कुळातले. घन हा शब्दही हन् पासूनच काठिण्याच्या अर्थी सिद्ध होतो, आणि लोहाराच्या हातातला आपला घण त्याच घराण्यातला आहे. लोहार तापलेल्या लोखंडाचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवून घणाचे घाव घालतो आणि दोहोंचा एक जीव करतो. घाव घालून जोडणे ही कल्पना ज्याने एकदा लोहाराच्या भात्यापाशी उभे राहून पाहिली आहे, त्याला संहनन शब्दाची व्युत्पत्ती वेगळी समजावून सांगणे नलगे.

चरकाचार्यांनी स्वतःच या शब्दाला संहती व संयोजन असे दोन पर्याय दिले आहेत. हे दोन्ही जोडणीचे शब्द आहेत. उंची, रुंदी, जाडी यांचा त्यांत गंधही नाही. सुसंहत शरीराचे वर्णन करताना त्यांनी तीन गोष्टी पाहण्यास सांगितल्या आहेत. हाडे सम व नीट विभागलेली असावीत, सांधे चांगले बांधलेले असावेत, मांस व रक्त आपापल्या जागी नीट बसलेले असावे. यापुढे लगेच 'प्रमाण' हा विषय येतो. तेथे अंगुलिमानाने एकेका अवयवाचे माप देऊन शरीराची लांबी-रुंदी ८४ अंगुले सांगितली आहे. संहनन म्हणजे आकारच असता, तर त्याला लागून मापांचा एवढा प्रपंच पुन्हा मांडण्याचे प्रयोजन काय होते? आणि संहननाच्या अगदी आधी, सारपरीक्षेच्या शेवटी, आचार्यांनी जो इशारा दिला आहे तो तर आमच्या मते प्रत्येक चिकित्सालयाच्या भिंतीवर लावण्याजोगा आहे. केवळ शरीर पाहून, हा पुष्ट आहे म्हणून बलवान आणि हा कृश आहे म्हणून दुर्बल, असा मोह वैद्याला पडू नये. अल्प शरीराचे व कृश असूनही बलवान असलेले लोक दिसतात. त्यासाठी त्यांनी दिलेला दृष्टांत मुंगीचा आहे. आपल्या देहाहून मोठा भार ती ओढून नेते.

आकार आणि जोडणी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे भान केवळ वैद्यकातच होते असे नाही. जैन तत्त्वज्ञानात नामकर्माच्या भेदांमध्ये संस्थान व संहनन असे दोन स्वतंत्र भेद मानले आहेत. संस्थान म्हणजे शरीराची आकृती, तर संहनन म्हणजे अस्थिबंधाची दृढता, आणि दोहोंचे सहा-सहा प्रकार. सर्वांत दृढ जोडणीला तेथे वज्रऋषभनाराच संहनन असे नाव आहे. त्या शास्त्राचा हेतू निराळा असल्याने अधिक खोलात जाण्याचे कारण नाही, परंतु शब्दाची वाटणी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता मराठीकडे वळू. शरीराची ठेवण सांगण्यासाठी आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही. अंगकाठी आहे, चण आहे, देहयष्टी आहे, अंगलट आहे. पण संहननाच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द 'बांधा' हाच होय. बांधा म्हणजे जे बांधले आहे ते. शेताचा बांध, घराचे बांधकाम, पुस्तकाची बांधणी आणि माणसाचा बांधा हे सारे एकाच बंध् धातूचे. 'लहान चणीचा, पण बांध्याने मजबूत' असे आपले आजे-पणजे सहज म्हणत. त्या एका वाक्यात प्रमाण अवर आणि संहनन प्रवर अशी दोन्ही परीक्षणे आलेली आहेत. चरकाचार्यांनी सूत्रस्थानात प्राकृत कफाची कर्मे सांगताना स्नेहाच्या पाठोपाठ 'बंध' हे कर्म गणले आहे, ही गोष्टही येथे स्मरणीय आहे. अलीकडे बांधा हा शब्द नाजूक, कमनीय, सुडौल अशा विशेषणांबरोबर जाहिरातींत फार फिरतो. त्यामुळे त्यातली गाठ सुटून केवळ रेषा उरली आहे. शेतकरी मात्र अजून तो शब्द जुन्याच अर्थाने वापरतो. खिलार बैल अंगावर मांसाचा डोंगर वागवीत नाही. त्याची कातडी अंगाला घट्ट असते, सांधे कोरीव दिसतात, आणि नांगराला, गाडीला तो टिकतो. बाजारात जाणता शेतकरी दुरून बैलाची उंची पाहून व्यवहार करीत नाही. तो जवळ जातो, पाठीवरून, पायांवरून हात फिरवतो, बैलाला चालवून पाहतो. हात फिरवणे आणि चालवून पाहणे या दोन क्रिया आपल्या संहननपरीक्षेतून कधी गळाल्या, हा प्रश्न स्वतःला विचारण्यासारखा आहे.

सुश्रुतसंहितेत हा विचार अधिक तपशिलाने येतो. गर्भाची वाढ सांगताना पंचमहाभूतांना कामे वाटून दिली आहेत. वायू विभागणी करतो, तेज पचन करते, जल ओलावा देते, आकाश वाढीला अवकाश देते, आणि पृथ्वीचे जे कर्म आहे त्याला सुश्रुताचार्यांनी नेमके हेच क्रियापद योजले आहे : संहन्ति. म्हणजे संहननाची सुरुवात गर्भात होते. शारीरस्थानाच्या त्याच पाचव्या अध्यायात अस्थींचे १४ संघात सांगितले आहेत. घोटा, गुडघा व वंक्षण असे एका पायात तीन, तसेच दुसऱ्या पायात व दोन्ही बाहूंत, शिवाय त्रिकाचा एक व शिराचा एक. अस्थी ३००, संधी २१० आणि स्नायू ९०० अशी त्यांची गणना आहे. संख्या कशी मोजली हा वादाचा विषय होऊ शकेल, पण संधींच्या चौपटीहून अधिक स्नायू गणले गेले हे सूचक आहे. जोडणाऱ्या वस्तूची मोजदाद जोडल्या जाणाऱ्या वस्तूहून बारकाईने झाली आहे. (मराठीत आज आपण मांसपेशीला स्नायू म्हणतो. सुश्रुताचा स्नायू म्हणजे सांध्यांना जखडून ठेवणारे बंधन, हे विद्यार्थ्यांना दरवर्षी नव्याने सांगावे लागते.)

याच ठिकाणी नौकेचा तो प्रसिद्ध दृष्टांत येतो. फळ्या एकमेकींना अनेक बंधनांनी बांधून केलेली नौका जशी माणसांसह भार पाण्यावर वाहून नेते, तसे स्नायूंनी सांध्यांत बांधलेले शरीर भार सोसते. आज होडी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे खिळे येतात आणि दृष्टांतातली बंधने केवळ अलंकार वाटू लागतात. वस्तुतः काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून जहाजे बांधण्याची विद्या आपल्या पश्चिम किनाऱ्यावर होती. भारतीय नौदलाने २०२५ साली मे महिन्यात कारवार येथे 'कौंडिन्य' हे शिवलेले जहाज आपल्या ताफ्यात सामील करून घेतले. ते अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील चित्रावरून गोव्यात बांधले गेले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पोरबंदरहून मस्कतच्या प्रवासास निघाले. ज्या वैद्याला सुश्रुताची नौका समजून घ्यायची आहे, त्याने या जहाजाची छायाचित्रे अवश्य पाहावीत. फळी केवढी मोठी आहे याने समुद्र पार होत नाही. शिवण सुटली की सागवानाचीही फळी तरंगत निघून जाते. अस्थी, पेशी, सिरा वा संधी यांच्या आघाताहून स्नायूचा आघात माणसाला अधिक पीडा देतो, असे सुश्रुताचार्य त्याच ओघात सांगतात. वारंवार घोटा मुरगळणाऱ्या रुग्णाचे क्ष-किरण चित्र निर्दोष येते आणि तरीही तो वर्षानुवर्षे लंगडतो, तेव्हा या विधानाची प्रचिती येते.

मग संहनन तपासावे कसे? ग्रंथाने तीन गोष्टी दिल्या आहेत, त्या तिन्ही हाताने तपासता येतात. हाडांचे समत्व पाहण्यासाठी रुग्णाला उभे करून दोन्ही खांदे, कंबर, गुडघे यांची समपातळी पाहावी. छाती व पाठीचा कणा यांवर नजर टाकावी. सांध्यांसाठी आधुनिक वैद्यकात शैथिल्य मोजण्याची नऊ गुणांची एक सोपी रीत आहे, ती आपण निःसंकोच वापरावी. करंगळी मागे किती वळते, अंगठा अग्रबाहूला टेकतो का, कोपर व गुडघा उलट दिशेस वाकतात का, हे दोन्ही बाजूंनी पाहायचे. गुडघे न वाकवता तळहात जमिनीस टेकतात का, हा नववा गुण. लहान मुले, नर्तक आणि नित्य योगाभ्यास करणारे यांच्या बाबतीत हे गुण जपून वाचावेत, एवढेच. मांसाच्या निविष्टतेसाठी अग्रबाहू व पोटरी प्रथम सैल असताना आणि मग रुग्णाला आवळायला सांगून दाबावी. सुसंहत मांस आवळताच बोटांना मागे लोटते; असंहत मांस आवळल्यावरही लोण्यासारखे लागते. रुग्णाला एकदा उकिडवे बसवून, हाताचा आधार न घेता उठावयास सांगावे. किरकोळ धक्क्याने अंगावर काळेनिळे डाग उठतात का, हेही विचारावे. या साऱ्याला पाच मिनिटे लागत नाहीत. आम्ही तर असे सुचवू की, छापील रुग्णपत्रकात संहननाचा एकच रकाना ठेवण्याऐवजी अस्थी, संधी व मांसरक्त असे त्याचे तीन भाग करावेत. एका शब्दात उत्तर देता आले की माणूस एका शब्दात उत्तर देतो.

काट्याने वजन आणि पट्टीने उंची घेऊन काढलेला निर्देशांक या परीक्षेची जागा घेऊ शकत नाही. त्यातून शरीरात द्रव्य किती आहे एवढे कळते. ते कसे जोडले आहे हे कळत नाही. अष्टौनिंदितीय अध्यायात अतिस्थूल व अतिकृश या दोघांचेही दोष सांगून झाल्यावर, प्रशस्त पुरुषाचे वर्णन करताना मांसाचे प्रमाण सम असावे आणि संहननही सम असावे, असा दोहोंचा वेगवेगळा उल्लेख आहे तो यासाठीच.

आता ज्या कारणास्तव हा शब्दविचार हाती घेतला त्याकडे येऊ. वासंतिक वमनाची शिबिरे आता गावोगावी होतात. एका सकाळी अनेक रुग्ण रांगेत असतात आणि प्रत्येकाच्या मात्रेचा निर्णय थोड्या वेळात घ्यावा लागतो. अशा वेळी सहा फूट उंचीचा, रुंद खांद्यांचा, पोट सुटलेला गृहस्थ समोर येतो. आवाज खणखणीत, चेहरा तुकतुकीत. त्याचा हात हातात घेतला तर मनगट सैल, पोटरी मऊ. खुर्चीतून उठताना तो दोन्ही हातांनी रेटा देतो. त्याच्या मागे बाजार समितीत पोती वाहणारा, सव्वापाच फुटांचा, गालफडे बसलेला माणूस उभा असतो. डोळ्यांनी तोललेली मात्रा पहिल्याला भारी पडते आणि दुसऱ्याला पुरत नाही. दुर्बलाला तीक्ष्ण औषध, क्षार, अग्नी वा शस्त्र सहन होत नाही व ते प्राणावर बेतू शकते. बलवानाला अल्प औषध दिले तर व्याधी हटत नाही, हे दोन्ही धोके विमानस्थानात या परीक्षेच्या प्रास्ताविकातच सांगितले आहेत. म्हणजे परीक्षेचे प्रयोजनच मात्रा हे आहे. कल्पस्थानाच्या शेवटच्या अध्यायात तर दुर्बल, पूर्वी शोधन झालेला, अल्पदोष, कृश किंवा ज्याचा कोष्ठ ठाऊक नाही अशा व्यक्तीला मृदू व अल्प औषध द्यावे असा स्पष्ट निर्देश आहे. यावर कोणी म्हणेल, की प्रवर शुद्धीला वमनाचे आठ आणि विरेचनाचे तीस वेग सांगितले आहेत, मग तेवढे व्हावेत असा प्रयत्न का करू नये? आमचे उत्तर असे की, तीस हा आकडा प्रवर शुद्धीचे लक्षण आहे, प्रत्येक रुग्णाकडून वसूल करावयाचे ते देणे नव्हे. वेगांची संख्या अभिमानाने सांगणारे वैद्य आम्ही पाहिले आहेत. त्या रुग्णांच्या पत्रकावर संहननापुढे 'प्रवर' असेच लिहिलेले असते, आणि पंधरा दिवसांनी कंबर धरून, पायांत गोळे येतात म्हणून तेच रुग्ण दुसऱ्या दारी जातात.

बांधण्याच्या मात्रेचे उत्तम उदाहरण भग्नचिकित्सेत आहे. मोह, औदुंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, बांबू, वड इत्यादींच्या साली वा कांबी कुश म्हणून लावून बंध बांधावा असे सुश्रुताचार्य सांगतात. तो बंध शीत ऋतूंत सात दिवसांनी, साधारण ऋतूंत पाच दिवसांनी व उष्ण ऋतूंत तीन दिवसांनी बदलावा. सैल बांधला तर सांधा स्थिर होत नाही. फार आवळला तर सूज, वेदना आणि त्वचेचा पाक होतो. हाड जुळण्यास तरुण वयात एक महिना, मध्यम वयात दोन आणि उतारवयात तीन महिने असा काळ दिला आहे. संहननाची शक्ती वयाबरोबर ओसरते याची ही सरळ कबुली आहे. त्यामुळे रुग्णपत्रकावर दहा वर्षांपूर्वी लिहिलेले संहनन आज तसेच धरून चालता येत नाही.

औषधनिर्माते व औषधविक्रेते यांना वाटेल की हा सारा वैद्यांचा विषय झाला. तसे नाही. औषधालाही बांधा असतो. गुग्गुळाचा कल्प कुटताना थोडे थोडे तूप लावून खलात घावावर घाव घातले जातात आणि चुरा, चूर्ण, गुग्गुळ यांचा एक मऊ गोळा होतो. संहननाचा शब्दार्थ याहून स्पष्ट कोठे दिसणार! आता हे काम यंत्रे करतात, त्यात वावगे काही नाही. प्रश्न असतो तो गोळीचा. डिंक जास्त आणि यंत्राचा दाब जास्त झाला की गोळी डब्यात सुरेख दिसते, प्रवासात फुटत नाही, दुकानदार खूष असतो. आणि रुग्णाच्या मलातून ती आहे तशी बाहेर पडते. उलट सैल गोळी बाटलीच्या तळाशी पूड होऊन बसते. सुश्रुताचा गाढ बंध व शिथिल बंध येथेही जसाच्या तसा लागू पडतो. आपल्या दुकानातल्या वटीतील एक गोळी अधूनमधून कोमट पाण्यात टाकून ती सुटते का आणि किती वेळात, हे पाहण्याचा परिपाठ विक्रेत्यांनी ठेवावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. उत्पादकाकडे तक्रार करावयाची तर हातात एवढा पुरावा असला पाहिजे. पारदाचे पंचवीस बंध सांगणाऱ्या रसशास्त्राच्या वारसांना बांधणीचे महत्त्व परक्याने शिकवावे लागू नये.

आणखी एक गोष्ट नावांविषयी. घट्ट जोडण्याचे आयुर्वेदातील दुसरे मोठे कुळ धा धातूचे आहे. संधी, संधान, संहिता हे शब्द त्यातले. भग्नाचे संधान निराळे आणि आसवारिष्टांचे संधान निराळे, असे आपण मानतो. परंतु चरकाच्या संधानीय गणात धायटीचे फूल आहे, आणि अरिष्टाच्या भांड्यात संधानासाठी आपण टाकतो तेही धायटीचेच फूल. मूळ शब्द एकच, एकत्र ठेवून एकजीव करणे.

लाक्षादि गुग्गुळात लाख, अर्जुन, अश्वगंधा, नागबला व गुग्गुळ यांच्या जोडीला अस्थिसंहृत् हे द्रव्य असते. तीच आपली कांडवेल, हाडसांधी. चौकोनी, कांड्याकांड्यांची ही वेल पाहिली की नाव का पडले ते कळते. अस्थिसंहार हेही तिचेच नाव. येथे संहार म्हणजे गोळा करणे, जवळ आणणे. मराठी माणसाला मात्र संहार म्हटला की महिषासुरच आठवतो. हात मोडलेल्या आपल्या आईसाठी घेतलेली बाटली, घटकद्रव्यांत 'अस्थिसंहार' वाचून, एक सुशिक्षित गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत घेऊन आले, अशी हकिकत एका विक्रेत्या मित्राने आम्हांला सांगितली. तेव्हापासून ते गृहस्थ प्रत्येक बाटलीवर त्या शब्दाशेजारी निळ्या शाईने 'हाडसांधी' असे लिहून मगच ती गिऱ्हाइकाच्या हाती देतात. उत्पादकांनी तोच शब्द लेबलावर छापला, तर त्यांचे हे श्रम वाचतील.